तालमीचे पैसे कोण देणार?

मराठीत कलावंताच्या पैशाला शब्दांचा तोटा नाही. सुपारी, बिदागी, दौलतजादा, मानधन, पाकीट, पारितोषिक, अनुदान. पण नीट पाहिलं तर यातला जवळजवळ प्रत्येक शब्द प्रयोगाच्या रात्री किंवा प्रयोगानंतर हातात पडणाऱ्या पैशाचा आहे. सुपारी रात्रीची ठरते. बिदागी निरोपाला मिळते. दौलतजादा गाणं रंगात आल्यावर. पारितोषिक सगळं संपल्यावर, आणि कधी कधी आयुष्यच संपत आल्यावर.

प्रयोग अजून उभाच राहिलेला नाही, वग लिहिला जातोय, चाल बसत नाहीये, चार जण कुणाच्या तरी ओसरीवर बसून 'हे नको, ते करून बघू' म्हणतायत, त्या दिवसांच्या पैशाला आपल्याकडे एकच शब्द आहे. उचल. आणि उचल म्हणजे फेडायचं कर्ज.

मला इथे उघड्यावरच्या नव्या प्रयोगांबद्दल बोलायचंय. तमाशातला नवा वग, चौकातलं नवं पथनाट्य, दशावतारी मंडळाने पहिल्यांदाच रचलेला खेळ, किंवा उड्डाणपुलाखाली कुणी काहीतरी करू पाहतंय आणि त्याला अजून नावही नाही, असं काहीही. या सगळ्याकडे आपण समीक्षक म्हणून बघतो तेव्हा संहिता बघतो, अभिनय बघतो, ढोलकी ऐकतो. पैसे ही निर्मात्याची भानगड म्हणून सोडून देतो. बंद नाट्यगृहातल्या नाटकाबद्दल ते एक वेळ चालेल, कारण तिथे दार आहे, दाराशी तिकीटखिडकी आहे, आणि पैसे देणारा व बघणारा माणूस बहुतेक वेळा एकच आहे. उघड्यावर दार नसतं. बघणारा एक आणि पैसे देणारा दुसराच. मग त्या दुसऱ्याला काय हवंय, हे प्रयोगात उतरतं. त्यामुळे उघड्यावरच्या प्रयोगाची समीक्षा करायची तर पैशाचीही करावी लागते, असं माझं म्हणणं आहे.

राहुटीतला हिशेब

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथे फडांच्या राहुट्या लागतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. कुठल्या तारखेला कुठलं गाव, किती पैसे, आगाऊ किती. एका अर्थाने हा महाराष्ट्रातला उघड्यावरच्या कलेचा सर्वांत मोठा बाजार आहे, आणि तो कुठल्याही सरकारी खात्याच्या मदतीशिवाय वर्षानुवर्षं भरतोय.

आता या बाजाराच्या आधीचा हिशेब बघा. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि साधारण बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतो. म्हणजे पावसाळा रिकामा. मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबू उभारणारे, ड्रायव्हर, आचारी मिळून शंभराच्या घरात माणसं असतात. ती पुढच्या हंगामाला आपल्याच फडात यावीत म्हणून फडमालक त्यांना उचल देतो. ती उचल द्यायला मालक स्वतः सावकाराकडून पैसे उचलतो. कलावंताचं पावसाळ्यातलं पोट, पोरांच्या वह्या, घरातलं आजारपण त्या उचलीवर निघतं. आणि फडात नवं काही बसवायचं असेल, तर तेही याच सुमाराला, दसऱ्याच्या तोंडावर बसतं.

याचा अर्थ काय होतो? महाराष्ट्रात उघड्यावरच्या नव्या कलाकृतीच्या तालमीला आजवर नेमाने पैसा पुरवणारी कुठली संस्था असेल, तर ती सावकारी आहे. व्याजासकट.

हे एकदा लक्षात आलं की तमाशाबद्दलची एक जुनी तक्रार वेगळी दिसायला लागते. तक्रार अशी, की फडांनी वग सोडला आणि सिनेमाची गाणी धरली. जाणकार मंडळी हे मोठ्या हळहळीने लिहितात. तमाशाची रचना गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग अशी. यातला वग म्हणजे पूर्ण नाटक. त्याला लेखक लागतो, पाठांतर लागतं, सगळी माणसं एकाच वेळी तालमीला लागतात. चित्रपटातलं गाणं दोन दिवसांत बसतं. डोक्यावर महिन्याच्या महिन्याला व्याज चढत असेल तर मालक कशाची तालीम घेईल? याला अभिरुची घसरली असं म्हणण्यात अर्थ नाही. हे व्याजाचं गणित आहे.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. नियम योग्य आहे, झोपेचा हक्क सगळ्यांना आहे. पण रात्रभर चालणाऱ्या खेळाला कात्री लावायची वेळ आली की ती शेवटच्या भागाला लागते, आणि शेवटचा भाग म्हणजे वग. मी पाहिलेल्या खेळांत वगाची पाळी येईपर्यंत पुढच्या सतरंज्या रिकाम्या होत आलेल्या असायच्या आणि नट संवाद गुंडाळत असायचे. ज्या भागाला सगळ्यात जास्त तालीम लागते, त्यालाच सगळ्यात कमी वेळ उरतो. मग नव्या वगात पैसे घालणारा मालक शहाणा की वेडा?

२०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरचा लॉकडाउन सुरू झाला तो दिवसही तोच. म्हणजे नारायणगावच्या राहुट्यांत जेव्हा वर्षाची कमाई ठरते, नेमक्या त्याच मोसमात सगळं बंद झालं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध. उचल मात्र आधीच दिलेली, घेतलेली, खर्चलेली होती. उघड्यावरच्या कलेचा आर्थिक पाया किती पातळ आहे हे त्या दोन हंगामांनी दाखवलं.

जतन करा, पण नवं मागू नका

'सरकारचं अनुदान असतं ना,' असं कुणीतरी म्हणेलच. असतं. तमाशा फडांना, दशावतारी मंडळांना, शाहिरी पथकांना राज्य सरकारच्या पॅकेज योजना आहेत, भांडवली खर्चासाठी आणि प्रयोगांसाठी. ते वेळेवर मिळतं का, हा वेगळा विषय. मला त्या कागदांवरच्या शब्दांत रस आहे.

व्यावसायिक रंगभूमीसाठीच्या अनुदानाची भाषा 'नवीन नाट्यनिर्मिती'ची आहे. शिवाजी मंदिरात किंवा बालगंधर्वमध्ये नाटक आणणाऱ्या निर्मात्याने काहीतरी नवं केलंय, हे तिथे गृहीत धरलेलं असतं. फडासाठीच्या अनुदानाची भाषा 'लोककले'ची आहे. म्हणजे एकाने निर्माण केलं आणि दुसऱ्याने टिकवलं.

हा फरक केंद्राच्या कायद्यांतही दिसतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. कुठल्या कामांवर, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. तिथे कला येते ती राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं संरक्षण, ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक कला आणि हस्तकला यांचा विकास अशा सोबतीने. जुना वाडा, जुनं पुस्तक, जुनी कला. आज लिहिलेला वग यात बसवायचा तर 'पारंपरिक' हे लेबल लावूनच बसवावा लागतो.

जीएसटीचंही तसंच. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातलं संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताला दीड लाखापर्यंतच्या मोबदल्यावर कर माफ आहे. छोट्या कलावंताची उलाढाल मुळातच नोंदणीच्या मर्यादेखाली असते, त्यामुळे खिशाला फार फरक पडत नाही. पण भाषा बघा. लोककला किंवा शास्त्रीय, दोनच खाने. एखाद्या मुलीने लावणी आणि पार्कूर एकत्र करून पुलाखाली खेळ केला, तर ती लोककलावंत आहे का, हे आधी सीएला विचारावं लागेल.

आणि सगळ्यात गंमतीचं उदाहरण केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजनेचं. नाट्यसंस्थांना दरमहा पगारासारखे पैसे देणारी ही योजना आहे, म्हणजे तालमीच्या दिवसांना पैसे मिळायची खरीखुरी सोय. पण तिचं नाव आहे 'गुरू-शिष्य परंपरा'. दिग्दर्शक कागदोपत्री गुरू होतो, त्याला दरमहा १५,००० रुपये. नट शिष्य होतात, त्यांना त्याहून कमी. तुम्ही कितीही बंडखोर नाटक करा, अर्ज भरताना परंपरेच्या पायाशी बसावंच लागतं.

हे सगळं नुसत्या शब्दांचं नाही, त्याला जात आहे. तमाशा मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी समाजांनी उभा केला. नव्या मराठी नाटकाचा पांढरपेशा नाटककार हा 'लेखक' असतो, त्याच्या नावाने महोत्सव भरतात. फडात वग रचणारा माणूस 'परंपरेचा वाहक' ठरतो. वाहकाला जतनासाठी पैसे देतात. विचार करायला, खोडायला, पुन्हा लिहायला पैसे लेखकालाच मिळू शकतात, आणि त्याला आपण लेखक मानलेलंच नसतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. शेवटची वर्षं मात्र ओढाताणीची गेली. २००२ मध्ये त्या गेल्या आणि नंतर त्यांच्या नावाने राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगला आहे. पण तो मागे वळून दिलेला पैसा आहे. तरण्याताठ्या विठाबाईंना तीन महिने नवं काही रचायला बसवणारा पैसा कधीच कुणी दिला नाही.

हेल्पलाइन नंबर तीनदा

पथनाट्याची गोष्ट वेगळी वाटते, कारण त्याला फारसे पैसे लागतच नाहीत, असा समज आहे. काळे कुडते, डफली, सात-आठ पोरं. झालं.

कॉलेजात असताना मी अशा एका गटात होते. आम्ही पाण्यावर एक नाटक बसवत होतो. त्यात एक बाई नळाखाली हंडा लावून उभी राहते आणि जवळजवळ मिनिटभर काहीच घडत नाही. पाणी येत नाही, बाई बोलत नाही. नाटकातली मला सगळ्यात आवडलेली जागा. मग एका कंपनीच्या जनजागृती मोहिमेतून पंधरा प्रयोगांचं काम आलं. आम्हाला प्रवासखर्च आणि जेवण मिळणार होतं, म्हणून आम्ही खूश. त्यांच्या माणसाने तालीम बघितली आणि दोन सूचना केल्या. ते मिनिट काढा, मेसेज जात नाही. आणि शेवटी हेल्पलाइन नंबर तीनदा यायला हवा. आम्ही मिनिट काढलं, नंबर तीनदा म्हटला, प्रयोग केले.

त्या माणसाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो संदेश विकत घेत होता आणि त्याला संदेश मिळाला. प्रश्न असा आहे की पथनाट्यासाठी आपल्याकडे दुसरा कुठला पैसाच नाही. केंद्र सरकारने १९५४ मध्ये गीत आणि नाटक विभाग काढला तोही योजनांच्या प्रचारासाठी. पुढे कुटुंबनियोजन, एड्स, पोलिओ, स्वच्छता, मतदान असे विषय बदलत गेले, पैशाची जात तीच राहिली. उरतात कॉलेजांच्या स्पर्धा, जिथे वेळ बांधलेली आणि परीक्षकांचे गुण ठरलेले. म्हणून आजचं बहुतेक पथनाट्य लांबूनच ओळखू येतं. गोल धावत येणं, एका सुरात घोषणा, एक वाईट माणूस, एक पश्चात्ताप, एक आवाहन. हा साचा कुणी एका दिग्दर्शकाने ठरवलेला नाही. तो पावतीवर ठरलाय.

याला अपवाद आहेत, आणि ते कसे जगले हे बघण्यासारखं आहे. दिल्लीचं 'जन नाट्य मंच' १९७३ मधलं, त्यांचं पहिलं पथनाट्य 'मशीन' १९७८ मधलं. प्रयोगानंतर प्रेक्षकांतून पैसे गोळा करायचे, संदेशाची सुपारी घ्यायची नाही. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ 'हल्ला बोल'च्या प्रयोगावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी गेले, आणि ४ जानेवारीला मंडळींनी त्याच जागी जाऊन तोच प्रयोग पूर्ण केला. कोलकात्यात बादल सरकारांनी तिकीट, नेपथ्य, प्रकाशयोजना सगळं टाकून देऊन मैदानात, खोलीत, अंगणात नाटक नेलं. या दोन्ही परंपरांबद्दल मला अपार आदर आहे. पण एक गोष्ट आपण आदराच्या भरात बोलत नाही. बादल सरकार पेशाने नगररचनाकार होते. असे गट बहुधा नोकऱ्या करणाऱ्या माणसांचे असतात, संध्याकाळी तालमीला येणाऱ्यांचे. विनामूल्य नाटकाला कुठूनतरी पगार लागतोच, तो नटाच्या नोकरीचा असतो. ज्या मुलीचं घरच तिच्या नाचण्यावर चालतं, तिला विनामूल्य हा पर्याय नाही.

मराठीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं अलीकडचं उदाहरण रिंगणनाट्याचं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर अतुल पेठे आणि राजू इनामदार यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसाठी शिबिरं घेतली आणि राज्यात ठिकठिकाणी गट उभे राहिले. माणसं गोल बसतात, मधे खेळ होतो. यात नवं काय घडलं? आधी शिबिर झालं. म्हणजे प्रयोगाच्या आधी शिकायला, चुकायला, बदलायला वेळ मिळाला, आणि तो वेळ एका संघटनेने आणि कार्यकर्त्यांनी आपल्या आयुष्यातून काढून दिला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा साचा मोडून नवा वग उभा केला, तेव्हाही पाठीशी कामगार चळवळ होती. उघड्यावर जेव्हा जेव्हा काही खरंच नवं झालंय, तेव्हा तालमीचा भार कुणीतरी उचलला होता. चळवळ ओसरली की तो भार पुन्हा नटाच्या खांद्यावर येतो.

पलीकडे काय केलं

चळवळ नसतानाही हा भार उचलता येतो का? फ्रान्सने एक उत्तर दिलंय. तिथे रस्त्यावरच्या कलेचे मोठे महोत्सव ऐंशीच्या दशकात उभे राहिले, ओरियाकचा १९८६ मध्ये, शालोंचा १९८७ मध्ये. पण खरी गंमत महोत्सवांत नाही. तिथे रस्त्यावरच्या आणि सार्वजनिक जागेतल्या कलांसाठी सरकारमान्य राष्ट्रीय केंद्रं आहेत. कलावंतांनी तिथे जायचं, राहायचं, गोदामासारख्या जागेत काम करायचं, अर्धवट झालेलं गावकऱ्यांना दाखवायचं, परत बदलायचं. आणि याच्या खाली एक आणखी पाया आहे. वर्षभरात ५०७ तास काम नोंदवलेल्या प्रयोगकलावंताला काम नसलेल्या दिवसांत बेकारी भत्ता मिळतो. म्हणजे त्यांच्या पावसाळ्याला व्याज नाही. २००३ मध्ये या नियमांत काटछाट होऊ लागली तेव्हा कलावंतांनी संप केला आणि आविन्यों महोत्सव रद्द झाला. ही सोय कुणी खुशीने दिलेली नाही, भांडून राखलेली आहे.

या पायावर काय उभं राहतं त्याचं एक टोक म्हणजे नान्तच्या 'रॉयाल द ल्यूक्स' या मंडळीचा 'सुलतानाचा हत्ती'. लाकडाचा, इमारतीएवढा, माणसांनी चालवलेला. ज्यूल व्हर्नच्या स्मृतिशताब्दीसाठी नान्त आणि आमियाँ या दोन शहरांनी तो करवून घेतला. मे २००६ मध्ये तो लंडनच्या रस्त्यांवर चार दिवस फिरला. तिकीट नाही. तिथल्या 'आर्टिचोक' या निर्मितीसंस्थेने त्याआधी कित्येक वर्षं पोलीस, वाहतूक खातं, बससेवा यांच्या परवानग्यांसाठी घालवली होती. ती वर्षंसुद्धा निधीच समजायला हवीत, कारण तेवढे दिवस त्या माणसांचे पगार कुणीतरी देत होतं. आपल्याकडे परवानगीचा खर्च नेहमी कलावंताच्या खात्यावर. पोलीस ठाणं, महापालिका, लाउडस्पीकर, आणि महाराष्ट्रात संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र.

ब्रिटनमधलं मला जास्त उपयोगी वाटणारं उदाहरण मात्र छोटं आहे. २००७ मध्ये तिथल्या काही महोत्सवांनी मिळून 'विदाउट वॉल्स' नावाचा गट केला. कल्पना साधी. एकट्या महोत्सवाला नवी निर्मिती परवडत नाही, म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढायची, त्यात सरकारी कलामंडळाचे पैसे घालायचे, काही कलावंतांना नवं काम करायला द्यायचं, आणि ते काम सगळ्या महोत्सवांत फिरवायचं. शिवाय काही पैसे नुसत्या कल्पना चाचपून बघण्यासाठी. त्यातून अखेरीस काही उभं राहिलं नाही तरी चालेल, असे.

मी या सगळ्याने भारावून गेलेली नाही. त्या व्यवस्थेतून आलेली बरीच कामं मी व्हिडिओवर बघितली आहेत, आणि तिचाही साचा दिसायला लागतो. अर्धा-पाऊण तासाचा खेळ, व्हॅनमध्ये मावणारं सामान, संवाद फार थोडे कारण चार देशांत फिरायचंय, बऱ्याचदा कुणीतरी उंच खांबावर लटकलेलं, आणि कुटुंबासह बघता येईल असा सौम्य विषय. महोत्सवाचा पैसा महोत्सवाला शोभेल असं काम घडवतो. आणि शहरांना पर्यटक हवे असले की हत्ती मोठा होत जातो. शिवाय असे पैसे अर्ज लिहिता येणाऱ्यालाच मिळतात. ज्याला 'माझ्या कामाचं सामाजिक मूल्य ५०० शब्दांत' लिहिता येतं तो पुढे जातो. फडातल्या सोंगाड्याकडे हजरजबाबीपणा भरपूर आहे, पण तो ५०० शब्दांच्या चौकटीत टाइप होत नाही.

आपल्याकडे खासगी बाजूने थोडं काही होतंय. बंगळुरूचं 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' १९९५ पासून कलावंतांना आणि संशोधकांना अनुदानं देतं, आणि प्रस्ताव भारतीय भाषांमध्येही घेतं. मराठीत अर्ज करता येतो, हे कितीजणांना माहीत आहे? पणजीत २०१६ पासून भरणारा सेरेंडिपिटी महोत्सव नवी कामं करवून घेतो. पण वर्षातून एकदा, डिसेंबरात, एका शहरात. राहुटीपर्यंत यातलं काही पोचत नाही.

मग करायचं काय?

मला वाटतं, उत्तर बाहेरून आणायची गरज नाही, अर्धं उत्तर नारायणगावात आधीच आहे. 'विदाउट वॉल्स'ने जे मुद्दाम जुळवलं, म्हणजे पैसे देणारे अनेक आयोजक एका जागी आणणं, ते आपल्याकडे दरवर्षी पाडव्याला आपोआप होतं. पंच येतात, राहुट्यांत बसतात. फक्त ते रात्री विकत घेतात, निर्मिती घेत नाहीत. समजा दहा गावांच्या जत्रा कमिट्यांनी ठरवलं, की सुपारीतला थोडा भाग एकत्र करून पुढच्या हंगामासाठी एक नवा वग करवून घ्यायचा. तितकेच पैसे राज्य सरकारने घालायचे. ही रक्कम आषाढात फडाला मिळेल, बिनव्याजी, आणि परत मागितली जाणार नाही. लेखकाला वेगळं मानधन, लेखक म्हणून, नावासकट. पुढच्या चैत्रात तो वग त्या दहा गावांत आधी होईल, आणि खेळ संध्याकाळी लवकर सुरू करून वगाला पूर्ण वेळ मिळेल अशी अट असेल. अर्ज? मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ. फडातल्या माणसाने बोलून दाखवायचं, काय करायचंय ते.

यात अडचणी आहेत. पंचांना काय रुचेल? गावातली सत्ता ज्या जातीची, तिच्यावर बोट ठेवणारा वग ती गावं करवून घेतील का? बहुधा नाही. म्हणून निवड एकट्या पंचांकडे नको, जुने कलावंत आणि बाहेरची माणसंही हवीत. सरकारी हप्ता उशिरा आला तर? मग फड पुन्हा सावकाराकडेच जाईल, आणि सगळी योजना फुकट. म्हणून पैसे आधी, कागद नंतर, हे तत्त्व पाळावं लागेल, आणि ते पाळायची आपल्या खात्यांना सवय नाही. वग पडला तर? पडू दे. दहातले सात पडतील. पडण्याची किंमत आज फडमालक एकटा मोजतो, म्हणून तो पडूच देत नाही, आणि म्हणून नवं काही होत नाही.

सीएसआरच्या परिशिष्टात 'समकालीन' असा एक शब्द घालायला काही खर्च येत नाही. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा १४० वर्षांनंतर का होईना, पण २०१८ मध्ये रद्द झालाच. कायद्यातले शब्द बदलतात, कुणीतरी मागे लागावं लागतं.

तोवर समीक्षेने निदान स्वतःचं काम करावं. 'तमाशात आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही' असा लेख पुन्हा वाचनात आला, आणि तो दिवाळी अंकांत दरवर्षी येतो, तर त्यात एकच गोष्ट शोधा. लेखकाने फडाला विचारलंय का, की यंदा तालीम किती दिवस झाली, आणि त्या दिवसांत तुमचं घर कशावर चाललं? विचारलं नसेल, तर त्याने फक्त प्रयोग पाहिलाय. तो असा का झाला, हे त्याला कळलेलं नाही.